दुखण्याची गोळी आणि साखरेचे इंजेक्शन : एका सोबतीचा इतिहास

सांधे धरणाऱ्या तापाच्या तीन मोठ्या साथी नागपूरने पाहिल्या आहेत. पहिली १९६५ साली आली. त्या साथीचा शोध पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने घेतला (हेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते) आणि ती मुख्यतः चिकुनगुन्याची असल्याचे नोंदवले. त्यानंतर १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला हा ताप आला आणि मग तीसएक वर्षे देशातून जवळजवळ नाहीसाच झाला. २००५-०६ मध्ये तो परतला. २००६ या एका वर्षात देशभरात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली आणि त्यात विदर्भाचा वाटा मोठा होता. तिसरी साथ २०२४ च्या पावसाळ्यातली.

१९६५ साली हुडकेश्वर हे नागपूरच्या बाहेरचे एक खेडे होते. आज ते शहराच्या दक्षिण टोकाची दाट वस्ती आहे. घराघरावर पाण्याच्या टाक्या आणि खिडकीखिडकीला कूलर. एडिस डासाला याहून अधिक काही लागत नाही. ताप चारपाच दिवसांत उतरतो, सांधे मात्र महिनोन्‌महिने दुखत राहतात. सकाळी खडू धरता येत नाही, जिना उतरताना कठडा सोडता येत नाही, अशी तक्रार अनेक शिक्षकांनीच केली असेल. मग माणूस कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात जातो. (नागपुरात ‘मेडिकल’ म्हटले की रुग्णालय की दुकान, हे संदर्भावरून ओळखावे लागते.) दुकानदार काउंटरवरच्या डब्यातून दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी कापून देतो. त्याच दुकानाच्या फ्रीजमध्ये इन्शुलिनच्या बाटल्या असतात आणि पुष्कळदा दोन्ही एकाच घरी जातात.

ही दोन औषधे एका शरीरात भेटली तर काय होते? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. डॉक्टरांना तो जवळजवळ दीडशे वर्षांपासून पडत आला आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक पिढीत बदलले आहे. नागपूरच्या तीन साथी हे त्या बदलाचे सोयीचे टप्पे आहेत, म्हणून आम्ही त्यांच्या आधाराने ही हकिगत सांगत आहोत.

दोन्ही औषधांच्या कुळकथा स्ट्रासबुर्ग या एकाच गावातून जातात. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे, त्या काळी ते जर्मनीत होते. १८८६ मध्ये तेथील कान आणि हेप या दोन तरुण डॉक्टरांनी जंतांवरचे औषध म्हणून एका रुग्णाला नॅफ्थॅलीन दिले. जंतांचे काही झाले नाही, ताप मात्र उतरला. चौकशी केल्यावर कळले की औषधवाल्याकडून चुकीची बाटली आली होती आणि तिच्यात ॲसिटॅनिलाइड होते. तापावरचे हे औषध स्वस्त होते, पण ते घेणाऱ्यांचे ओठ निळे पडत. म्हणून पुढच्याच वर्षी बायर कंपनीने त्याचे सुधारलेले भावंड बाजारात आणले. ते फेनासेटिन.

याच गावात १८८९ मध्ये योझेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिन्कोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. मधुमेहाचा संबंध स्वादुपिंडाशी आहे हे या प्रयोगाने सिद्ध केले. इन्शुलिनकडे जाणारा रस्ता येथून सुरू होतो, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतही असते. पाठ्यपुस्तकांत नसते ते हे, की याच फॉन मेरिंगने १८९३ मध्ये आणखी एक वेदनाशामक रुग्णांवर वापरून पाहिले. ते म्हणजे पॅरासिटामॉल. त्याचा निष्कर्ष असा निघाला की रक्ताचा रंग बिघडवण्याचा दोष पॅरासिटामॉलमध्ये आहे आणि फेनासेटिन त्याहून बरे. त्याच्या नमुन्यात अशुद्धी असावी असे आज मानले जाते. पण त्याचा शब्द मोठा होता. पॅरासिटामॉल अर्धे शतक बाजूला पडले आणि फेनासेटिन घरोघर गेले. मधुमेहाचा उगम शोधणाऱ्या माणसाने मधुमेहींना तुलनेने सुरक्षित असलेली गोळी नकळत पन्नास वर्षे दूर ठेवली, असे म्हटले तर फार चुकणार नाही. (त्याच्याच नावावर एक भरपाईही आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतील फ्लोरिझिनमुळे लघवीतून साखर जाते हे त्याने १८८६ मध्ये दाखवले. त्या धाग्यावरून मधुमेहींच्या मूत्रपिंडांना जपणाऱ्या आजच्या काही गोळ्या तयार झाल्या.)

वेदनाशामकांचे दुसरे घराणे सॅलिसिलेटांचे. नदीकाठच्या वाळुंजाच्या कुळातील झाडांच्या सालीतून ते आले आणि ॲस्पिरिन हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध अपत्य. या घराण्याची मधुमेहाशी गाठ फार आधी पडली. १८७६ मध्ये गटिंगेनच्या विल्हेल्म एब्श्टाइनने सोडियम सॅलिसिलेट देऊन मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर कमी झाल्याचे लिहिले. १९०१ मध्ये मँचेस्टरच्या विल्यमसनने तेच पुन्हा दाखवले. इन्शुलिन तेव्हा नव्हतेच. ते टोरांटोत तयार झाले आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या मुलाला पहिल्यांदा टोचले गेले. त्यानंतर सॅलिसिलेटची आठवण कोणाला राहील?

ती राहिली एका योगायोगाने. १९५७ मध्ये रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अनुभव मांडला. रोज इन्शुलिन घेणाऱ्या एका मधुमेही रुग्णाला संधिवाती तापासाठी ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रा सुरू केल्या होत्या. सांधे सुधारले, आणि इन्शुलिनची गरजच उरली नाही. ॲस्पिरिन थांबवताच ती पुन्हा उभी राहिली. म्हणजे दुखण्याची गोळी आणि साखरेचे इंजेक्शन एकाच दिशेने ओढत होते. अशा वेळी इंजेक्शनची मात्रा तीच ठेवली तर साखर धोक्याच्या रेषेखाली जाणार हे उघड आहे.

याचे कारण २००१ मध्ये स्पष्ट होऊ लागले. शरीरात दाह वाढला की एक विकर जागे होते आणि इन्शुलिनचा निरोप पेशीत पोहोचू देत नाही. मोठ्या मात्रेतले सॅलिसिलेट या विकराला अडवते, असे स्टीव्हन शूलसन यांच्या गटाने उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. येथे ‘मोठी मात्रा’ हे शब्द अधोरेखित करावेत. ती मात्रा दिवसाला सुमारे ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त, म्हणजे नेहमीच्या पंधराएक गोळ्या. इतक्या ॲस्पिरिनने कानात घंटा वाजू लागतात आणि पोटातून रक्त जाऊ शकते. हृदयासाठी दिली जाणारी ७५ मिलिग्रॅमची गोळी साखरेला ढळवत नाही. ती सुरू असेल तर हा लेख वाचून बंद करू नये.

आता १९६५ च्या नागपुरात येऊ. इन्शुलिन तेव्हा गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले होते आणि काचेची सुई उकळून टोचले जाई. दुखण्यासाठी दवाखान्यांतून सर्रास मिळे ती ए.पी.सी.ची गोळी. जुन्या शिक्षकांना ती आठवत असेल. ए म्हणजे ॲस्पिरिन, सी म्हणजे कॅफीन आणि मधला पी म्हणजे आपले फेनासेटिन.

या मधल्या अक्षराबद्दल धोक्याची सूचना त्याआधीच मिळाली होती. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील श्प्युलर आणि झोलिंगर यांनी फेनासेटिनयुक्त गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांची मूत्रपिंडे आतून आकसत असल्याचे लिहिले होते. घड्याळांच्या कारखान्यांतले कामगार बारीक कामाने डोके दुखते म्हणून या गोळ्या रोज घेत, त्यांच्यात हा आजार ठळक दिसला. दोष एकट्या फेनासेटिनचा की मिश्रणाचा यावर पुढे बराच वाद झाला, पण औषध मागे पडले. भारतात त्यावर १९८३ मध्ये बंदी आली.

त्याच सुमाराची दुसरी नोंद आमच्या मते अधिक महत्त्वाची आहे. १९५१ मध्ये झुब्रॉड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक विचित्र गोष्ट मांडली. मधुमेहामुळे मूत्रपिंडे खराब झालेल्या रुग्णांचा मधुमेह ‘सुधारत’ होता. इन्शुलिन कमी लागत होते, साखर आटोक्यात राहत होती. याचा अर्थ लावायला इन्शुलिन शरीरातून जाते कोठे हे पाहावे लागते. आपल्या स्वादुपिंडातले इन्शुलिन आधी यकृतात जाते आणि त्याचा मोठा भाग तेथेच मोडतो. कातडीखाली टोचलेले इन्शुलिन यकृताला वळसा घालून थेट सर्व शरीरात फिरते, त्यामुळे ते मोडण्याचे बरेचसे काम मूत्रपिंडांवर येते. मूत्रपिंडे थकली की कालचे इन्शुलिन आजही रक्तात रेंगाळते. त्यात आजची मात्रा मिळवली की पहाटे घाम फुटतो, हात थरथरतात, कधी शुद्ध हरपते. घरचे लोक मात्र आधी आनंदात असतात. ‘शुगर बरी होत आली, डॉक्टरांनी इंजेक्शन कमी केले,’ असे म्हणून पेढेही वाटले जातात.

म्हणजे सामान्य वेदनाशामक आणि इन्शुलिन यांची खरी गाठ साखरेच्या रसायनात पडत नाही, ती मूत्रपिंडात पडते. १९६५ साली हे दोन्ही तुकडे छापून झालेले होते. ते शेजारी ठेवून पाहायची सवय वैद्यकाला लागायची होती.

पॅरासिटामॉलचे पुनर्वसन १९४८-४९ मध्ये झाले. न्यूयॉर्कच्या ब्रोडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवले की ॲसिटॅनिलाइड काय किंवा फेनासेटिन काय, शरीरात त्यांचे पॅरासिटामॉलच होते आणि वेदना कमी करणारे तेच. मग थेट तेच का देऊ नये? १९५५-५६ पासून ते अमेरिका आणि ब्रिटनमध्ये विकले जाऊ लागले. याच काळात नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट ॲडम्स ॲस्पिरिनला पर्याय शोधत होते. १९६१ मध्ये त्यांच्या आयबुप्रोफेनच्या पेटंटासाठी अर्ज झाला आणि १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये विक्रीला आले. गंमत अशी की ही कंपनी १९२३ पासून इन्शुलिनही बनवीत होती. १९७० च्या दशकात डायक्लोफेनॅक आले.

ही सारी औषधे काम कशी करतात हे १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी उलगडले आणि त्यासाठी १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ॲस्पिरिन आणि त्याच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होऊ देत नाहीत. सुजलेल्या गुडघ्यात ही द्रव्ये वेदना वाढवतात, तेथे ती नकोशीच. पण मूत्रपिंडात त्यांचे काम वेगळे आहे. गाळणीकडे रक्त आणणारी बारीक रोहिणी आकसू लागली की प्रोस्टाग्लँडिन तिला उघडी ठेवते. निरोगी, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाला या मदतीची क्वचितच गरज पडते. तापाने, उलट्यांनी, नागपूरच्या उन्हाने कोरड्या पडलेल्या माणसाला पडते. ज्याच्या गाळण्या मधुमेहाने आधीच झिजल्या आहेत त्याला तर पडतेच. त्याला रक्तदाबासाठी मूत्रपिंडांवर काम करणारी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, आणि त्यात डायक्लोफेनॅकची भर पडली, तर गाळणीवरचा दाब तिन्ही बाजूंनी पडतो. अनेक मधुमेहींच्या डब्यात पहिल्या दोन गोळ्या असतातच. तिसरी साथीत येते. पॅरासिटामॉलचा मूत्रपिंडांतील प्रोस्टाग्लँडिनवर परिणाम अगदी कमी, म्हणून मधुमेहींसाठी पहिली पसंती त्याला.

२००६ च्या साथीत विदर्भात डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मुबलक खपल्या, आणि इंजेक्शनेही दिली गेली. याच औषधाने मूत्रपिंडांचे काय होऊ शकते याचा सर्वांत भीषण पुरावा तोवर आकाशातून खाली पडलेला होता. १९९० च्या दशकात भारतातील गिधाडे नाहीशी होऊ लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत हजाराला एक इतकी उरली. २००४ च्या जानेवारीत लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मेलेली गिधाडे तपासून कारण सांगितले. गुरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक टोचले जाई, ते जनावर मेले की गिधाडे त्याचे मांस खात, त्यांची मूत्रपिंडे निकामी होत आणि आतड्यांवर, काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर बसे. २००६ मध्ये भारताने हे औषध जनावरांसाठी बंद केले. म्हणजे नागपुरात माणसे डायक्लोफेनॅकसाठी रांगा लावत होती त्याच वर्षी गुरांना ते मिळेनासे झाले. २०२४ मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पात हरियाणातील पिंजोरच्या केंद्रातून आणलेली लांब चोचीची गिधाडे सोडण्यात आली.

गिधाडावरून थेट माणसाचे अनुमान काढू नये हेही विद्यार्थ्यांना सांगावे. पक्षी नत्राचा निचरा युरिक आम्लाच्या रूपात करतात, आणि गिधाडांच्या शरीरातून हे औषध फार सावकाश जाते. माणसात ते काही तासांत जाते आणि निरोगी मूत्रपिंड औषध थांबवल्यावर सहसा सावरते. पण ‘सहसा’ हा शब्द मधुमेहीला लागू करताना जपून वापरावा लागतो. त्याच्या मूत्रपिंडाची निम्म्याहून अधिक शक्ती गेलेली असली तरी त्याला काही जाणवत नाही. ते फक्त रक्तातील क्रिएटिनीन आणि लघवीतील प्रथिन मोजूनच कळते.

तिसरी साथ आली तेव्हा डबा पुन्हा बदललेला होता. इन्शुलिनखेरीज टोचायच्या औषधांचा एक नवा वर्ग आला होता. त्यातले पहिले औषध, एक्सेनाटाइड, २००५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. गिला मॉन्स्टर या वाळवंटी सरड्याच्या लाळेतील एका रेणूवरून ते बनले आहे. लिराग्लुटाइड, डुलाग्लुटाइड ही त्याच वर्गातील पुढची नावे, आणि मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइडही भारतात आले. ही औषधे भूक कमी करतात आणि जठर सावकाश रिकामे करतात. येथे पॅरासिटामॉलचा संबंध अनपेक्षित रीतीने येतो. जठर किती वेगाने रिकामे होते हे मोजण्यासाठी एडिंबराच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये पॅरासिटामॉलच वापरले होते. जठरातून ते जवळजवळ शोषलेच जात नाही, आतड्यात मात्र झटकन शोषले जाते. म्हणून रक्तातली त्याची चढण म्हणजे जठराच्या दाराचे घड्याळ. एक्सेनाटाइड टोचल्यानंतर तासाभराने दिलेल्या पॅरासिटामॉलची रक्तातली कमाल पातळी निम्म्याहून खाली आली, आणि एरवी अर्ध्यापाऊण तासात येणारी ती पातळी यायला चार तास लागले. टोचण्याआधी तासभर घेतले तर फरक पडला नाही. आठवड्याला एकदा घ्यायच्या औषधांत हा परिणाम सौम्य असतो किंवा पहिल्या मात्रांनंतर ओसरतो. तरीही सांधे ठणकत असताना अर्ध्या तासात गुण न आल्याने दुसरी, मग तिसरी गोळी घेण्याचा मोह होतो, आणि पॅरासिटामॉलच्या बाबतीत तो मोह यकृताला महागात पडतो. धडधाकट प्रौढासाठीही दिवसाची सीमा ४ ग्रॅम आहे. कृश, मद्यपी किंवा यकृताचा आजार असलेल्यांसाठी ती बरीच खाली येते. शिवाय या इंजेक्शनांनी मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात. अशा कोरड्या दिवसांत डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेणे म्हणजे वर सांगितलेल्या गाळणीवर आणखी एक ओझे. तापात डेंग्यूची शंका फिटेपर्यंत तर या गोळ्या आणि दुखण्यासाठीचे ॲस्पिरिन टाळायचेच असते, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दंडावर चिकटवायचे साखरमापक सेन्सर हीदेखील या नव्या डब्यातली वस्तू. त्यांचा पाया लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये घातला. विकर ग्लुकोजशी क्रिया करते, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, ते प्लॅटिनमवर ऑक्सिडीकृत होते आणि जितका विद्युतप्रवाह तितकी साखर. पण त्याच विभवाला पॅरासिटामॉलही ऑक्सिडीकृत होते. जुन्या बनावटीच्या काही सेन्सरांवर त्यामुळे साखर खोटीच वाढलेली दिसे, आणि त्या आकड्यावर इन्शुलिन वाढवले तर खरी साखर कोसळे. नव्या सेन्सरांत विशिष्ट पडदा घालून हा दोष बराच आटोक्यात आणला आहे. तरी आपल्या यंत्राच्या माहितीपत्रकात पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन आणि क जीवनसत्त्व यांबद्दल काय लिहिले आहे ते वाचावे. आकडा आणि अंगाची अवस्था जुळत नसेल तर बोटाला टोचून रक्त तपासावे. तापात जेवण जात नसले तरी इन्शुलिन आपल्या मनाने पूर्ण बंद करायचे नसते. मात्रा किती ते डॉक्टरांना विचारावे आणि साखर एरवीपेक्षा अधिक वेळा मोजावी. पॅरासिटामॉलने भागत नसेल आणि दुसरी गोळी लागणारच असेल, तर क्रिएटिनीन पाहून, डॉक्टरांनी सांगितलेल्या थोड्या दिवसांसाठीच ती घ्यावी.

एक अडचण उरते ती नावांची. दुकानातल्या पट्टीवर व्यापारी नाव ठळक असते आणि औषधाचे मूळ नाव बारीक अक्षरांत मागे. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉल अधिक ॲसिक्लोफेनॅक, तापाच्या गोळीत पुन्हा पॅरासिटामॉल, असे तीन दुकानांतून तीनदा तेच घरी येते. निमेसुलाइड आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली विरघळणारी गोळी जून २०२३ मध्ये सरकारने बंद केली, पण अशा कितीतरी जोड्या अजून विकल्या जातात. आठवी-नववीच्या वर्गाला घरातील रिकाम्या पट्ट्या आणायला सांगाव्यात, मागची बारीक अक्षरे भिंगाखाली वाचून एका तक्त्यात मूळ नावे आणि मिलिग्रॅम लिहायला लावावेत, आणि दिवसाला प्रत्येकी तीन वेळा घेतल्या तर एकूण पॅरासिटामॉल किती ग्रॅम होते त्याची बेरीज फळ्यावर करून घ्यावी.